पाटी डोक्यावरची, पाटी शाळेची

मराठीत पाटी म्हणजे बांबूची उथळ टोपली, आणि पाटी म्हणजे शाळेत अक्षरं गिरवायची दगडी फळीही. खानदेशातल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला या दोन्ही पाट्या एकाच वयात आल्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेल्या पाचोरा भागात ऋतू पालटतो तसा पोरांच्या टोपलीतला माल पालटतो. श्रावण सरता सरता पोळ्याचे मातीचे बैल येतात. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं, दिवाळीच्या तोंडावर पणत्या आणि डोंगरातली सीताफळं, थंडीत बोरं आणि हरभऱ्याचा टहाळ, उन्हाळ्यात चिंचा आणि कैऱ्या. माल बहुतेक घरचा, शेताच्या बांधावरचा किंवा रानातून वेचलेला. मागे भांडवल नसतं, दुकान नसतं, तागडीही नसते. पोतं अंथरायचं, मालाचे वाटे लावायचे आणि गिऱ्हाइकानं अहिराणीत ‘कितलाले?’ म्हणून विचारलं की वाट्याचा भाव सांगायचा.

या पोत्याला परवाना लागतो का? प्रश्न आजचा वाटतो, पण बाजारात बसणाऱ्याकडून काय घ्यायचं आणि कोणी घ्यायचं, याचा हिशेब या मुलखात फार जुना आहे. त्या सगळ्या हिशेबात लहान मुलाचं पोतं नेमकं कुठे बसतं, हे मात्र कधी नीट ठरलं नाही.

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकारचा कौल लागे. वसाहत करणाऱ्याला काही वर्षं करात सूट मिळे आणि पेठेचा कारभार शेटे आणि महाजन हे वतनदार पाहत. बाजारात बसणाऱ्या माणसाला कागदी परवाना नव्हता; त्याच्या जागी हक्क होते. भाजीवाल्याच्या पाटीतून चिमूटभर भाजी म्हणजे शेव, धान्याच्या ढिगातून ओंजळभर धान्य म्हणजे फसकी. कारागीर आणि दुकानदार यांच्यावर मोहतर्फा हा कर वेगळा असे. ही वसुली मालातच होत असल्यामुळे तिचं माप माणसाच्या हाताएवढं होतं. मोठ्या ढिगातून मूठ गेली तर कळत नसे. बोरांच्या छोट्या वाट्यातून मूठ गेली, तर वाटाच संपे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. मुंबई इलाख्यात १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानं मोहतर्फा, शहरजकाती आणि धंद्यांवरच्या अशा जुन्या पट्ट्या एकदम रद्द केल्या. कागदावर तरी बाजार मोकळा झाला. पण तो फार काळ मोकळा राहिला नाही. १८६२ मध्ये बाजार आणि जत्रांच्या नियमनाचा कायदा आला आणि नवा बाजार भरवण्यासाठी सरकारी परवानगी लागू लागली. पुढे नगरपालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर जागेचं भाडं आणि हातात मिळणारी पावती आली. मुठीची जागा कागदानं घेतली. फसकी मागणारा ढिगाकडे पाहून मागत असे. पावती फाडणारा अंथरलेली जागा पाहतो. इथून पुढे पोराचं पोतं किती फुटांचं, हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

पाचोऱ्याचं नशीब मात्र रेल्वेनं पालटलं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ चाळीसगावहून पाचोऱ्यावरून भुसावळकडे सरकला. त्याच वर्षांत, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस अडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कपाशीकडे वळल्या. खानदेशातला कापूस मुंबईला आणि तिथून जहाजानं लिव्हरपूलच्या बंदरात जाऊ लागला. आधी गावोगावच्या बाजारात फुटणारा माल आता स्टेशनाकडे धावू लागला आणि स्टेशनाबाहेर खाण्यापिण्याची, फळांची, पाण्याची विक्री वाढली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, पाचोरा ते जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाईन सुरू झाली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी गावं जोडत धावणारी ही छोटी गाडी लोकांच्या तोंडी ‘पीजे’ झाली. दूध, भाजी, शाळकरी पोरं आणि बाजारकरू यांची ती हक्काची गाडी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीबरोबर ती थांबली. त्यानंतर तिच्या ब्रॉडगेज रूपांतराचं काम हाती घेण्यात आलं.

ज्या लिव्हरपूलला खानदेशी कापूस उतरला, त्याच शहरानं मुलांच्या रस्त्यावरच्या विक्रीला कायद्याच्या चौकटीत बसवलं, हा इतिहासातला विलक्षण योग आहे. कापसाच्या भरभराटीबरोबर त्या शहरात वर्तमानपत्रं, काड्यापेट्या आणि फुलं विकणारी अनवाणी मुलं वाढली होती. लिव्हरपूलच्या पालिकेनं १८९८ मध्ये स्वतःसाठी कायदा करून घेतला. अकरा वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावर विकायला बंदी आली, त्यावरच्या वयाच्या मुलांना परवाना आणि अंगावर लावायचा बिल्ला मिळू लागला. १९०३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं मुलांच्या कामाविषयीचा कायदा केला आणि अकरा वर्षांची हीच मर्यादा देशभर लागू केली. त्याच्या अर्धशतक आधी, १८५१ मध्ये, हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या गरिबांवरच्या आपल्या ग्रंथात पालेभाजी विकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीची मुलाखत छापली होती. तिचं बालपण भाजी मोजण्यात सरत होतं. लिव्हरपूलचा कायदा अशा मुलांसाठी होता. बंदी आणि ओळख अशी त्याची दोन टोकं होती, आणि बिल्ला लावलेला मुलगा कोण आहे हे पालिकेच्या वहीत नोंदलेलं असे.

हिंदुस्थानात मुलाला असा बिल्ला कधी मिळाला नाही. इथे कायदा रेल्वेच्या फलाटावर आधी पोचला. १९३८ च्या मुलांच्या नोकरीविषयीच्या कायद्यानं रेल्वेतून प्रवासी, माल आणि टपाल नेण्याच्या कामात पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठेवायला मनाई केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या यादीत तर फलाटाचं चित्रच उभं राहतं. स्टेशनावरच्या खानपानाच्या दुकानासाठी एका फलाटावरून दुसऱ्यावर माल फिरवणं आणि चालत्या गाडीत चढून-उतरून विकणं ही कामं मुलांना बंद झाली. चालत्या गाडीच्या पायदानावर गरम चहाची किटली हातात घेतलेलं पोर ज्यानं पाहिलं आहे, त्याला ही मनाई का आली हे समजावून सांगावं लागत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नं परवान्याविना गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत माल विकणाऱ्या कोणालाही एक वर्षापर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

बाजारपेठेत मात्र पोरांचं गणित चालूच राहिलं, आणि इथे गणित हा शब्द अगदी खराखुरा घ्यायचा. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे आणे सोळा होते. आता रुपयाचे नवे पैसे शंभर झाले. सोळानं भागायचं गणित सोडून शंभरानं भागायचं गणित मोठ्यांनाही जड गेलं. दीड वर्षानं मेट्रिक वजनं आली आणि शेर, पायली, अधोली यांना निरोप देण्याची वेळ आली. पोराच्या पोत्यावर मात्र वजनांचा प्रश्न फारसा नव्हता. तिथे माल वाट्यानं विकला जाई. वाटा लावणं ही कला आहे. मोठी बोरं वर, लहान खाली, पण इतकी लहान नकोत की गिऱ्हाईक वाटा उचलून पाहील तर रुसेल. चार वाट्यांवर एक चिमूट ‘वरचा’ घालायचा, पण आठव्या गिऱ्हाइकापर्यंत वरचा संपता कामा नये. सकाळी भाव धरायचा, संध्याकाळी माल परत नेण्यापेक्षा तो सोडायचा.

हे हिशेब किती पक्के असतात, याचा अभ्यास ब्राझीलमध्ये १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, मग त्याच संख्यांची कागदावरची गणितं सोडवायला दिली. टोपलीपाशी मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, कागदावरच्या नुसत्या बेरीज-गुणाकारात ती ३७ टक्क्यांच्या आसपास घसरली. २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांकडे पाहिलं. तोंडी सौद्याचे गुंतागुंतीचे हिशेब ही मुलं सहज करत, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितात अडखळत. शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुलं उलट बाजारातल्या साध्या हिशेबात अडखळली. डोक्यावरची पाटी आणि शाळेची पाटी यांच्यात पूल बांधलेला नाही, एवढं त्यातून दिसतं. शाळा बुडाली तरी चालेल, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

शाळा बुडण्याचीच भीती या प्रश्नाच्या मुळाशी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचं पाऊल उचललं, तेव्हा मुलगा शेतावर, गुरांमागे किंवा बाजारात हवा म्हणून शाळेत न धाडणारे पालक हीच मोठी अडचण होती. मुंबई इलाख्यात १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २४ व्या कलमानं चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखाना, खाण किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी केली आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षणाचा हक्क कायद्यात उतरला. दरम्यान १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, चहाची दुकानं, उपाहारगृहं आणि घरकाम यांतही बालकामगार ठेवायला मनाई झाली. फटाक्यांच्या तात्पुरत्या परवान्याच्या दुकानांतली विक्री तर आधीच धोक्याच्या यादीत गेली होती. दिवाळीच्या आधी रस्त्याकडेला फटाक्यांच्या स्टॉलवर पोर बसलेलं दिसलं, तर तो कायद्याचा भंग असतो. शेजारी पणत्यांच्या ढिगामागे आईबरोबर बसलेली मुलगी मात्र वेगळ्या नियमाखाली येते.

तो नियम २०१६ च्या दुरुस्तीतून आला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला, इतकंच काय, काम करू द्यायलाही मनाई आहे. इथे लागू पडणारा अपवाद आहे तो घरच्या धंद्याचा. काम धोक्याचं नसेल, शाळेची वेळ संपलेली असेल किंवा सुट्टी असेल, तर मूल घरच्यांना मदत करू शकतं. म्हणजे आईच्या पोत्यावर बसलेला मुलगा कायद्यात बसतो; शेजाऱ्याच्या हातगाडीवर मजुरीनं बसलेला तोच मुलगा बसत नाही. हा फरक कागदावर स्पष्ट आहे, पण बाजारात तो ओळखायचा कसा? दोन्हीकडे मुलगा पोत्यापाशीच असतो. तो कोणाच्या घरचा आहे, हे त्याच्या टोपलीवर लिहिलेलं नसतं.

मोठ्यांच्या पथविक्रीचा प्रश्न तोवर न्यायालयांतून संसदेपर्यंत पोचला होता. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यानं परवान्याशिवाय सार्वजनिक जागी विकायला बंदी घातली होती आणि त्या परवान्यांवरूनच फेरीवाल्यांच्या संघटना दशकानुदशकं झगडत राहिल्या. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पदपथावरची विक्री हा घटनेच्या १९ व्या कलमातल्या धंद्याच्या हक्काचा भाग मानला, पण वाजवी बंधनांसह. अखेर २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा झाला. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हावं, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या असाव्यात, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवू नये, अशा त्यातल्या तरतुदी आहेत.

या कायद्याच्या चौथ्या कलमात एक शब्द आहे, ज्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. सर्वेक्षणात नोंद झालेल्या विक्रेत्यानं चौदा वर्षं पूर्ण केली असतील, तर त्याला विक्रीचं प्रमाणपत्र द्यावं, असं ते कलम म्हणतं. राज्य सरकारला वयाची वेगळी अट घालता येते. म्हणजे देशाच्या कायद्यानं विक्रेता आणि मूल यांच्यामध्ये वयाची रेषा आखली. पण पाचव्या कलमानं विक्रेत्याकडून हमी घेतली आहे की उपजीविकेचं दुसरं साधन त्याच्याकडे नाही. पोळ्याला आठ दिवस बैल विकणारा, दहावीत शिकणारा मुलगा ही हमी कशी देणार? त्याची उपजीविका अजून घरचीच आहे. सर्वेक्षणाच्या दिवशी तो शाळेत असेल, आणि बोरांचा हंगाम संपल्यावर बाजारात नसेल. कायद्यात तो ‘विक्रेता’ होण्याइतका मोठा झाला, पण विक्रेता म्हणून नोंदवला जाण्याइतका तो रोज तिथे बसत नाही.

आणखी एक अडचण भूगोलाची आहे. २०१४ चा हा कायदा नगरपालिका क्षेत्रांसाठी आहे आणि रेल्वेच्या ताब्यातली जमीन आणि गाड्या त्यानं स्पष्टपणे वगळल्या आहेत. पाचोऱ्यात याचा अर्थ फार ठळक होतो. हिवरा नदीकाठच्या शहरातल्या रस्त्यावर एक कायदा, स्टेशनाच्या आवारात दुसरा, आणि तालुक्यातल्या गावांच्या आठवडे बाजारात तिसरा. गावात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली बाजार फी घेतली जाते आणि ती वसूल करण्याचा ठेका लिलावानं देता येतो. एकाच आठवड्यात, एकाच टोपलीतलं सीताफळ तीन ठिकाणी नेलं, तर त्यासाठी तीन वेगळी उत्तरं मिळतात. त्यात खाण्याचा पदार्थ शिजवून विकायचा म्हटला, की २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी बारा लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्या फेरीवाल्यालाही नोंदणी सक्तीची केली होती. तिची फी वर्षाला शंभर रुपये ठेवली होती.

जगात दुसरीकडे हा प्रश्न उलट्या बाजूनंही सोडवला गेला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं २०१९ मध्ये कायदा करून मुलांच्या घरासमोरच्या सरबताच्या गाड्यांना परवाना मागायला शहरांना मनाई केली. तिथली मुलं सुट्टीत खाऊच्या पैशांसाठी सरबत विकतात आणि पोलीस किंवा आरोग्य खात्याचे लोक त्यांच्याकडे परवाना मागत, म्हणून लोकांनीच हा कायदा करवून घेतला. खानदेशातल्या पोराची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या चार वाट्यांच्या पैशांत घरचं मीठ-तेल किंवा पुढच्या वर्षाची वही येऊ शकते. टेक्सासचा उपाय इथे जसाच्या तसा लागू केला, तर खाऊच्या पैशांची सोय होईल आणि त्याच सवलतीच्या आडोशानं मुलांना कामाला जुंपणाऱ्याचीही सोय होईल.

महाराष्ट्रातल्या शाळांनी मात्र कायद्याची वाट न पाहता स्वतःचा एक मार्ग काढला. ब्रिटनमध्ये स्काऊट मुलांनी १९४९ मध्ये छोटी कामं करून पैसे मिळवण्याचा आठवडा सुरू केला होता. १९५० मध्ये भारत स्काऊट आणि गाईड ही संस्था उभी राहिल्यावर हाच उपक्रम इथे ‘खरी कमाई’ या नावानं रुजला. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत त्याला बाल आनंद मेळावा आणि बालबाजार यांची जोड मिळाली. मैदानावर मुलं पोती अंथरतात. घरची मेथी, वांगी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, भजी. गिऱ्हाईक म्हणून पालक, शिक्षक, गावकरी येतात. भाव मुलं ठरवतात, हिशेब मुलं लिहितात आणि शेवटी गुरुजी खर्च आणि नफ्याची वजाबाकी फळ्यावर मांडून घेतात. बॅनर्जी-डुफ्लो यांच्या अभ्यासात जो पूल दिसला नव्हता, तो इथे एका दुपारपुरता तरी बांधला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत कमवा आणि शिका या योजनेतून हाच विचार मोठ्या मुलांपर्यंत नेला होता. काम आणि शिक्षण एकाच छताखाली, आणि कामाचा वेळ शाळेनं ठरवलेला.

खानदेशातल्या नगरपालिकांना आणि ग्रामपंचायतींना या धड्यातून एक गोष्ट सहज करता येईल. पोळा, दसरा, दिवाळी या हंगामांसाठी, शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत, आई-वडिलांसोबत बसणाऱ्या मुलांच्या टोपल्यांना जागा राखून ठेवायची आणि तिथे पावती न फाडण्याचा ठराव करायचा. अशा ठरावात मुलाचं नाव आणि शाळेचं नाव लिहिलं, तर लिव्हरपूलच्या बिल्ल्यातलं जे चांगलं होतं ते इथे येईल. शाळा बुडवून बसलेलं मूल त्याच नोंदीतून मुख्याध्यापकांना कळेल, आणि कोणी परक्यानं मजुरीवर बसवलेलं मूल कामगार अधिकाऱ्यांना.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर बाजारात रंगवलेल्या बैलांच्या ओळी आखूड होत जातात. ज्यांच्या घरी खरा बैल नाही, ते मातीची जोडी नेऊन पुजतात, म्हणून जोडी फोडून एकच बैल कोणी घेत नाही. संध्याकाळी पोत्यावर शेवटच्या दोन-तीन जोड्या उरतात, त्यांतल्या एखाद्याचं शिंग मोडलेलं असतं. पोरं भाव निम्म्यावर आणतात, ओरडून गिऱ्हाइकांना बोलावतात, मग पोतं झटकून गुंडाळतात. जमलेली नाणी आईच्या ओटीत टाकून मोजली जातात. मोडलेल्या शिंगाची जोडी घरी येते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कोनाड्यात उभी असते.